खैरवण्याची लोकसंख्या शून्य

खैरवणे गावात कोणीही राहत नाही, असं सरकारनं मला एका मंगळवारी सकाळी कळवलं.

मी स्वतः खैरवण्याची. माझा भाऊ तिथं राहतो, वहिनी राहते, त्यांची दोन पोरं राहतात, आणि आदल्याच रविवारी मी त्यांच्याकडे बांगड्याचं तिखलं ओरपून आले होते. तरी माझ्या टेबलावरच्या पडद्यावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: मौजे खैरवणे, तालुका मालवण. कायम रहिवासी, शून्य. वाढीस वाव, तीन हजार एकशे चाळीस घरे.

आधी मी हसले. मग खाली वाचलं, की या आकड्यावर हरकत घ्यायला एक महिन्याची मुदत आहे आणि त्यानंतर गावच्या माथ्यावरचा सडा नव्या वसाहतीसाठी खुला होईल. तेव्हा हसू आटलं आणि तोंडातून जी शिवी निघाली ती सबंध कचेरीनं ऐकली. मी तालुका नियोजक आहे. गावाचा आराखडा त्याच्या आकड्यात बसवणं हे माझंच काम, म्हणजे माझ्याच गावाच्या डोक्यावर तीन हजार घरं मलाच बसवायची होती.

हा कायदा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. तो मंजूर झाला तेव्हा आम्ही नियोजनाच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात पेढे वाटले होते. त्याआधी आराखडे कसे व्हायचे? नकाशावर पिवळा रंग म्हणजे घरं, हिरवा म्हणजे शेती, आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी. हिरव्याचं पिवळं कधी झालं ते शेतकऱ्याला कुंपण पडल्यावर कळायचं. मग लागोपाठ दोन उन्हाळे असे आले की शहरंच्या शहरं टँकरच्या मागे धावली, आणि विधिमंडळानं भूधारणा अधिनियम केला. त्याचं सूत्र सोपं होतं. आधी जमिनीला विचारा, ती किती माणसं पोसेल. मग नकाशा काढा. प्रत्येक गावाला आणि शहराला एक आकडा मिळणार, धारणांक. तो शून्याच्या वर असेल तर गाव खुलं, शून्याच्या खाली असेल तर थांबा, एकही नवं घर नाही.

जमिनीला विचारायचं कसं? त्यासाठी नवं काही पुरावं लागलं नाही. इंटरनेटची काचतंतूची तार गावोगाव जमिनीखालून गेलेलीच होती. तिच्या एका टोकातून प्रकाशाचा झोत सोडला की काचेतल्या अतिसूक्ष्म दोषांवर आपटून त्यातला थोडा उजेड मागे फिरतो. वरून माणूस चालला, पंप सुरू झाला, की तार नकळत ताणली जाते आणि मागे फिरणारा उजेड किंचित बदलतो. माती ओली असली की तिच्यातून कंप वेगळ्या वेगानं जातात, त्यावरून जमिनीखालच्या पाण्याची पातळीही कळते. गावात किती पावलं फिरली, किती पंप चालले, विहिरींनी किती पाणी दिलं, हे सगळं एका तारेवर ऐकू येतं. आमच्याकडे लोक त्याला सरळ 'कान' म्हणतात. लोकांच्या पावलांवर कायम पाळत ठेवायला कोर्टानं मनाई केली, म्हणून दर पाच वर्षांनी सलग तीनच दिवस कान लावतात. पुढे पाच वर्षं त्या तीन दिवसांवर चालतात.

खैरवण्याला कान कधी लावला होता ते मी पाहिलं. तारखा होत्या आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षातल्या. मी तेव्हा पुण्यात होते, या खुर्चीत बसायला अजून चार महिने होते. मला शंका आली आणि मी भावाला फोन लावला.

"दादा, मागची गावपळण कधी होती रे?"

"मार्गशीर्षात. कित्या गो?"

त्यानं तारखा सांगितल्या. मी फोन टेबलावर ठेवला आणि कपाळ हातावर टेकलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातल्या काही गावांत तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेतात आणि देवानं होकार दिला की सगळं गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातं. म्हातारी-कोतारी, तान्ही पोरं, गाईम्हशी, कुत्री, कोंबड्या, सगळं. वेशीपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या बांधायच्या, तिथंच रांधायचं, तिथंच फुगड्या आणि गाणी. गावात दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, विहिरीला हात लावायचा नाही. तीन दिवस झाले की पुन्हा कौल घ्यायचा आणि देवानं बोलावलं की परतायचं. कुणी म्हणतं भुतांना मोकळीक, कुणी म्हणतं जुनी साथ. आम्ही कारण विचारत नाही, आम्ही भांडी बांधायला घेतो.

आणि सरकारनं नेमके तेच तीन दिवस आमच्या गावाला कान लावला होता. कानानं ऐकलं: पावलं नाहीत, पंप नाहीत, बादली नाही, घागर नाही. विहिरी भरलेल्या, पाऊस भरपूर, वापरणारं कुणी नाही. यंत्रानं सरळ हिशेब केला, की एवढं पाणी फुकट पडलंय तर इथं माणसं आणून वसवा.

दुसऱ्या दिवशी मी ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत गेले. पाथ्रीकर सर जिल्ह्याचे उपसंचालक, परभणीकडचा सज्जन माणूस. कोकणात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, तरी माशाच्या वासानं अजून खिडकी उघडायचे.

"तुमचं गाव तीन दिवस होतं कुठं?" त्यांनी विचारलं.

"वेशीबाहेर, सर."

"सगळं?"

"कोंबड्यांसकट."

"आणि ते काझी वगैरे आहेत ना तुमच्याकडे, ते?"

"तेही जातात. त्यांची राहुटी आमच्याच शेजारी असते."

पाथ्रीकरांनी चष्मा काढला. "मग कान चुकला नाही, मॅडम. त्यानं ऐकलं ते खरंच ऐकलं. तीन दिवस तिथं कुणीच नव्हतं."

"सर, मतदार यादी आहे, विजेची बिलं आहेत, शाळेचा पट आहे!"

"माणसं सांगतात त्यापेक्षा जमीन सांगते ते ग्राह्य, असं कायद्यातच आहे. आणि ते का घातलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी गावांनी काय काय याद्या दिल्या होत्या! एका गावात तर स्मशानातली माणसं नळजोडणी मागत होती."

"मग फेरमापन?"

"पाच वर्षांनी."

"तोवर सड्यावर वसाहत उभी राहील!"

"राहील," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मापनावर हरकत घेता येत नाही. गणितावर घेता येते. याच नोंदी घ्या, यातूनच वेगळं उत्तर काढून दाखवा. शास्त्रशुद्ध असेल तर मी सही करतो."

नसलेल्या माणसांच्या नोंदीतून असलेली माणसं काढून दाखवायची! बाहेर येऊन मी गाडीच्या दाराला लाथ घातली. दाराला काही झालं नाही, माझा अंगठा मात्र आठवडाभर ठणकत होता.

शनिवारी रवळनाथाच्या मंडपात गाव जमलं. सरपंच सुहासिनी परब सगळ्यांना चहा देत फिरत होती. मी तिलाच पकडलं. मापनाच्या आधी पंचायतीला नोटीस येते, ती आली नव्हती का?

"इल्ली ना," ती म्हणाली. "मी स्वतः फळ्यार लावली. सगळ्यांनी वाचली."

"मग?"

"त्यात लिवलेला होता, मापनाच्या दिवसांत गावान आपले नेहमीचे व्यवहार चालू ठेवचे."

कौल लावणारे बाबलकाका घाडी खांबाला टेकून बसले होते, ते शांतपणे म्हणाले, "गावपळण आमची नेमाचीच गो. देवान भायर जावक सांगल्यार घरात बसान रवला, ता नेहमीचा म्हणूचा काय?"

मंडपातल्या सगळ्या माना हलल्या. सरकारनं सांगितलं ते गावानं अक्षरशः पाळलं होतं, आणि आता तक्रार कसली, हेच त्यांना कळत नव्हतं. मला रडू येईल की हसू, ते माझं मलाच कळेना.

मी त्यांना सड्याबद्दल सांगायला लागले. सडा म्हणजे गावाच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणजे नापीक जमीन. पण त्या भोकाभोकांच्या दगडातून पाऊस मुरतो आणि तोच खाली आमच्या विहिरींना येतो. त्याच्यावर सिमेंट घातलं की विहिरी संपल्या. हे गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे. तरी कुणीतरी मागून म्हणालंच, "पण सड्याक भाव येतलो!" आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या.

तेवढ्यात माझा भाऊ उभा राहिला. "बाय, एक सांग," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तीन हजार घरा होतली म्हणतत. त्यात माजा एक बसात काय नाय?"

दिगूदादाचं सांगायला हवं. तो गोव्यात हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळायचा. जुनं घर वाटणीत चुलत्यांकडे गेलं होतं, आमच्या वाट्याला आली शेताची पट्टी आणि तिच्यातला मांगर, म्हणजे अवजारं आणि गवत ठेवायची दोन खणांची झोपडी. मी तालुक्याला रुजू झाले आणि त्याला म्हटलं, गावात ये, खानावळ काढ, मी आहे ना, घराच्या परवानगीचं मी बघते. तो नोकरी सोडून आला. संपदावहिनीनं दागिने मोडून चिरे आणले. मांगराच्या अंगणात चिऱ्यांची रास लागली आणि परवानगीचा अर्ज धारणांकाची वाट बघत पडून राहिला. आज आकडा आला होता, आणि त्या आकड्यात दादाच्या घराला तीन हजार एकशे चाळीस वेळा जागा होती.

"ह्यो आकडो खोटो आसा, दादा," मी म्हटलं.

"खरो आकडो घेवन मी काय करू?" तो म्हणाला आणि खाली बसला. सभा तशीच मोडली.

पुढचे पंधरा दिवस मी त्या नोंदींशी डोकं फोडत होते. कानाची मूळ नोंद म्हणजे पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रेघा. इतर गावांच्या रेघा सतत थरथरतात; पहाटे पंप, सकाळी पावलं, दुपारी थोडी शांतता. आमची पावलांची रेघ तीन दिवस सपाट. तिच्याखाली विहिरींच्या पातळीची दुसरी रेघ होती, आणि तिच्याकडे मी इतके दिवस नीट पाहिलंच नव्हतं, कारण मी माणसं शोधत होते. माणसं तिथं नव्हती. पाणी होतं.

विहीर किती पाणी देऊ शकते हे कसं मोजतात? उपसा पूर्ण थांबवायचा आणि पाणी किती वेगानं परत चढतं ते बघायचं. एका विहिरीचं करता येतं. पण सबंध गावाखालच्या पाण्याचं करायचं तर सगळ्या विहिरी आणि सगळे पंप एकदम थांबायला हवेत, आणि कुठलं गाव तसं थांबतं? आम्हाला शिकवताना सर म्हणायचे, अशी चाचणी फक्त कागदावर होते. आणि माझ्या गावानं ती करून ठेवली होती. तीन दिवस एकानंही घागर बुडवली नव्हती, तीही देवाच्या धाकानं, म्हणजे चोरून उपसा करणारं कुणी नाही! असली स्वच्छ नोंद राज्यात दुसरीकडे मिळाली नसती. मी खुर्चीतून उठून कचेरीत अक्षरशः नाचले, आणि शिपायानं मला पाणी आणून दिलं.

मग गणित मांडलं आणि नाच थांबला.

तीन दिवसांच्या संपूर्ण विश्रांतीत विहिरी चढल्या होत्या वीतभर. फक्त वीतभर, तेही पावसाळा नुकताच संपलेला असताना. मुरलेलं पाणी सड्याखालून झरझर खाडीला जात होतं. साठवण थोडी होती आणि ती गाव आधीच पुरेपूर वापरत होतं. पर्यटकांच्या खोल्या, नारळीच्या बागा, नवे पंप. मी उत्तर पुन्हा पुन्हा काढलं. खैरवण्याचा खरा धारणांक होता वजा एकेचाळीस. कुणाला उठवणार नव्हते, पण आकडा शून्याच्या वर येईपर्यंत गावात एकही नवं घर बांधता येणार नव्हतं.

म्हणजे सडा वाचत होता, विहिरी वाचत होत्या, आणि दादाचं घर मात्र जात होतं.

कायद्यात एक फट होती, आणि ती मला दिसली नाही असं मी म्हणणार नाही. माणशी रोज किती पाणी धरायचं हे ठरवण्याची थोडी मोकळीक नियोजकाला आहे. सगळ्यात कमी आकडा धरला तर उत्तर येत होतं अधिक दोन. दोन घरं. एक दादाचं. पण धारणांक शून्याच्या वर गेला, मग तो दोननं का असेना, की गाव खुलं ठरतं; आणि खुल्या गावात बाहेरून पाणी आणायची हमी दिली तर बिल्डरला हवी तेवढी घरं बांधता येतात. हे कलम कायद्यात शेवटच्या दिवशी कुणी घुसवलं, ते अजून कुणाला कळलेलं नाही. खाडीचं पाणी गोडं करून सड्यावर चढवायचा प्रस्ताव घेऊन एक कंपनी ओरोसला फेऱ्या मारतच होती. दोन घरांसाठी दार उघडलं असतं तर त्या दारातून तीन हजार आत आली असती.

मी मांगरावर गेले तेव्हा दुपार होती. अंगणात पोरांनी राशीतले चिरे ओढून एका थरात मांडले होते. ओवी सात वर्षांची, तिनं मला हात धरून आखीव घरातून फिरवलं.

"ही पडवी. ही बाबांची खानावळ. ही माझी खोली. आत्या, इकडून नको, तिथं भिंत आहे!"

मी भिंतीला वळसा घालून दारातून आत गेले. मग मांगराच्या उंबऱ्यावर बसून दादाला सगळं सांगितलं. वजा एकेचाळीस सांगितलं, अधिक दोनही सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं. पण त्याच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही.

त्यानं हातावरची चिऱ्यांची लाल धूळ झटकली. "म्हणजे तुज्या हातात आसा."

"दादा, दोन घरा दिली तर सडो जातलो."

"सडो काय माजो एकट्याचो? गावाक भाव होयो, कंपनीक जमीन होयी, आणि सडो वाचवचो कोणी? दिगून. मांगरात बसान."

"थोडी वर्सां थांब. सड्यार बांध घातले, पाणी अडवला, तर आकडो वर येतलो."

"किती वर्सां?"

मला उत्तर माहीत होतं. आठ, कदाचित दहा. ते मी त्याला सांगितलं.

संपदावहिनी आतून बाहेर आली. ती सावंतवाडीची, तिचा आवाज कधी चढत नाही. "बाय, गेल्या पावसात भिंतीतना पाणी इला तेवा पोरांका पेटाऱ्यार निजवलं मी," ती म्हणाली. "तुमी बोलावलास म्हणान इलंव आमी. तुमच्यार राग नाय माजो. पण आणखी एक पावस माका जमाचो नाय."

"मी काय करू, वैनी? तुमीच सांगा!" माझा आवाज चढला. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शहरांनी पाणी उधळलं म्हणून कायदा आला. जुन्या परवानग्यांच्या नावाखाली त्यांचे टॉवर अजून चढतच होते, आणि थांबा कुणाला तर दोन खणांच्या मांगराला. कायदा बरोबर, गणित बरोबर, माझा भाऊही बरोबर. मग हे सगळं मिळून असं चूक का होतं, याचं उत्तर कुठल्याच कलमात नव्हतं.

"तू कर तुका काय बरोबर वाटता ता," दादा म्हणाला. "फक्त माका समजावू नको."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी हरकत दाखल केली. वजा एकेचाळीस. पाथ्रीकरांनी ती दोनदा वाचली, उभे राहिले आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. म्हणाले, सेवेतल्या इतक्या वर्षांत इतकं सुंदर काम पाहिलं नाही. मला त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

त्यानंतर जे झालं ते आमच्या सरकारलाच सुचू शकतं. प्राधिकरणाला ती पद्धत इतकी आवडली की तिला 'खैरवणे चाचणी' असं नाव मिळालं. राज्यातल्या प्रत्येक गावानं आणि शहरानं पाच वर्षांतून एकदा सलग तीन दिवस उपसा संपूर्ण बंद ठेवावा, असा आदेश निघाला. मोठ्या शहरांनी महिन्याभरात कोर्टातून स्थगिती आणली. खैरवण्याला मात्र पुढच्या चाचणीची तारीख ठरवून आली. ती मी बाबलकाकांना दाखवली तेव्हा ते पोट धरून हसले.

"सरकाराक सांग, आदी देवळात येवन कौल घे," ते म्हणाले. "देव हो म्हणालो तर जावया. नाय म्हणालो तर सरकारान एकट्यान जावचा."

सड्यावरची वसाहत रद्द झाली. गावात थोडे दिवस लोक माझ्याशी तुटक बोलले, ज्यांनी जमिनीच्या भावाची स्वप्नं पाहिली होती ते जास्त. मग विहिरींचं पाणी मेपर्यंत टिकलं आणि हळूहळू विसरले. फक्त थांबा लागलेल्या गावाला कान कायमचा लावतात, आकडा सुधारतोय का ते बघायला. त्याला कोर्टाची परवानगी आहे. आमच्या गावच्या प्रत्येक पावलाची नोंद आता माझ्या पडद्यावर येते.

दादा मेच्या अखेरीला गेला. गोव्यातल्या जुन्या मालकानं बोलावलं होतं. मी सकाळी वेशीवर पोचले तेव्हा टेम्पोत सामान चढलेलं होतं. पेटारा, खानावळीची मोठी पातेली, सायकल, आणि झाकलेल्या टोपलीत दोन कोंबड्या. ओवीला वाटत होतं गावपळणच चाललीय. "आत्या, तू कधी येणार राहुटीत?" तिनं विचारलं. वहिनीनं तोंड फिरवलं.

"चिऱ्यांचा काय करूचा?" मी दादाला विचारलं.

"सड्यार बांध घालतलंस ना? थय घाल." मग टेम्पोत चढता चढता तो थांबला. "ओवीची खोली तेवढी मोडू नको. पोरग्यान खूप मेहनतीन मांडल्यान हा."

टेम्पो गेला. मी रडले ते तिथंच, वेशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कचेरीत माझ्या पडद्यावर हिरवा झेंडा फडकला. प्राधिकरणाकडून अभिनंदन. आपल्या तालुक्यातील मौजे खैरवणे या गावाचा धारणांक वजा एकेचाळीसवरून वजा चाळीस झाला आहे. थांबा लागलेल्या गावांमध्ये सुधारणा दाखवणारं हे जिल्ह्यातलं पहिलं गाव. खाली विचारलं होतं, सुधारणेचं कारण काय? पर्याय होते: पुनर्भरण, बंधारे, वापरात काटकसर, इतर.

मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, दिगू गेला.

यंत्रानं ते परत पाठवलं. कारण पुरेसं स्पष्ट नाही, म्हणे.

मी पुन्हा लिहिलं. दिगंबर गावकर, त्याची बायको आणि दोन मुलं वेशीबाहेर गेली आहेत. कोंबड्यांसकट. आमच्याकडे वेशीबाहेर गेलेली माणसं तीन दिवसांनी परत येतात. ही येणार नाहीत.

या वेळी ते लगेच स्वीकारलं गेलं.